रानातील अस्सल कागद

मराठीतील ‘माग’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की, त्याच्या कुळाची चौकशी करण्याचे कोणास कारण पडत नाही. चोराचा माग, चुकलेल्या गुराचा माग, एखाद्या जुन्या घराण्याचा मागोवा, आणि काहीच हाती न लागल्यास ‘मागमूस नाही’ अशी कबुली, एवढ्यावर आपले काम भागते. परंतु हा शब्द संस्कृत ‘मार्ग’ ह्याचे प्राकृतातून आलेले रूप असून, ‘मार्ग’ आणि ‘मृग’ ही एकाच घरची भावंडे होत. धातुपाठात ‘मृग्’ ह्या धातूचा अर्थ अन्वेषण, म्हणजे शोध घेणे, असा दिला आहे. ज्याचा शोध घ्यावयाचा तो मृग, आणि ज्या वाटेने घ्यावयाचा तो मार्ग. वैदिक भाषेत मृग म्हणजे केवळ हरीण नव्हे, तर कोणतेही रानटी जनावर. तेव्हा राजमार्ग, भक्तिमार्ग, मार्गदर्शन इत्यादी आपल्या थोर शब्दांच्या तळाशी ओल्या मातीत उमटलेले एखाद्या श्वापदाचे पाऊल आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्या शास्त्रकारांनाही ह्या पावलाचे महत्त्व ठाऊक होते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्यायदानाची रीत सांगताना एक सुंदर दृष्टांत आला आहे. व्याध ज्याप्रमाणे सांडलेल्या रक्ताच्या थेंबांवरून जखमी मृगाचे ठिकाण गाठतो, त्याप्रमाणे राजाने अनुमानाच्या साहाय्याने धर्माचे ठिकाण गाठावे, असे तेथे सांगितले आहे. नैयायिक ज्यास शेषवत् अनुमान म्हणतात, म्हणजे नदीचा पूर पाहून वर पाऊस झाला असावा असे कार्यावरून कारण ओळखणे, तेच व्याधाचे रोजचे काम होय. सिंहासनावर बसलेल्या राजाने रानात फिरणाऱ्या व्याधाकडून धडा घ्यावा, हा त्या विद्येचा केवढा गौरव! परंतु विद्येचा गौरव झाला म्हणून ती जाणणाऱ्याचाही झाला, असे मात्र इतिहासात दिसत नाही. ही विद्या काय सांगू शकते, काय सांगू शकत नाही, आणि ती जाणणाऱ्या माणसांचे आपण काय केले, ह्या तीन प्रश्नांचा विचार वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्याच्या आधाराने येथे करावयाचा आहे.

हा जिल्हा ह्या विचारास सोयीचा आहे. ‘भिलठाणा’, म्हणजे भिल्लांचे ठाणे, ह्यावरून त्याचे नाव पडले असे सांगतात, म्हणजे नावातच रानाची आठवण आहे. उत्तरेस जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांवर सातपुड्याची भिंत, मध्ये पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा पायनघाट, आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेने उचलून धरलेला बालाघाट, अशी त्याची ठेवण आहे. बुलढाण्याहून खामगावास जाणारा रस्ता बोथ्याच्या घाटातून ज्या रानाने उतरतो, ते ज्ञानगंगा अभयारण्य. सुमारे २०५ चौरस किलोमीटरांचे हे अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. अस्वल, बिबट्या, तडस, कोल्हा, रोही, चिंकारा, भेकर, रानडुक्कर ही तेथील वसती. सातपुड्याच्या बाजूस असलेले अंबाबरवा अभयारण्यही त्याच सालचे. ते मेळघाटास लागून असल्यामुळे तेथे वाघाचेही येणेजाणे आहे.

थंड देशांत बर्फ पडले म्हणजे सारे रान कोऱ्या कागदासारखे होते आणि रात्री फिरलेल्या प्रत्येक जनावराची नोंद सकाळी जशीच्या तशी वाचावयास मिळते. वऱ्हाडात बर्फ नाही. तरीसुद्धा येथेही माग शिकण्याचा खरा हंगाम हिवाळाच होय, आणि त्याची कारणे विचार करण्यासारखी आहेत. पावसाळ्यात उमटलेला ठसा पुढच्याच सरीने पुसला जातो आणि गवत तर जमीनच दिसू देत नाही. उन्हाळ्यात जमीन दगडासारखी होते, आणि वाऱ्याने धूळ उडून चार घटकांत सारे सारखे होते. कार्तिक ते माघ हा काळ ह्या दोन्हींच्या मधला. नाले आटू लागलेले असतात, पण त्यांच्या काठचा चिखल अद्याप लोण्यासारखा मऊ असतो. गाडीवाटेची धूळ बारीक पिठासारखी असून वारा पडलेला असतो. शिवाय रात्री दहिवर पडते. ह्या दहिवराचा उपयोग पुढे सांगेन. आणखी एक गोष्ट अशी की, ह्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळे सकाळी पुष्कळ वेळ ऊन तिरपे पडते. त्यामुळे ठशाच्या कडेची सावली त्याच्या खळग्यात पडून एरवी न दिसणारी पुसट रेघही उठून दिसते. म्हणूनच जाणता माणूस ठसा आपल्या आणि सूर्याच्या मध्ये ठेवून पाहतो. मार्गशीर्षाच्या रात्री आकाशात मृग वर चढू लागतो, त्याच्या अंगात बाण रुतलेला असतो आणि पाठोपाठ व्याध येतो. ज्या मृगशीर्षावरून लोकमान्य टिळकांनी १८९३ साली ‘ओरायन’ ग्रंथात वेदांचा काळ ठरविण्याचा प्रयत्न केला, ते नक्षत्रही मूळचे शिकारीचेच चित्र आहे.

आता वाचनाची रीत. पहिला प्रश्न, पाऊल कोणाचे? मांजराच्या कुळातील प्राणी, म्हणजे वाघ, बिबट्या, रानमांजर, चालताना नखे आत ओढून घेतात. म्हणून त्यांच्या ठशात चार बोटे आणि मागील बाजूस तीन पाळ्यांची गादी एवढेच दिसते, आणि एकंदर आकार गोलसर असतो. कुत्रा, कोल्हा, लांडगा ह्यांचा ठसा लांबट असून बोटांपुढे नखांचे टिंब असते. तडसाचे पुढचे पाऊल मागच्यापेक्षा ठळकपणे मोठे असते. अस्वलाचे मागचे पाऊल पाहून नवख्यास अनवाणी माणूस गेल्याचा भास होतो. मात्र पुढच्या पंजाच्या लांब नखांचे चर बोटांपासून बरेच पुढे पडलेले पाहिले, म्हणजे तो भ्रम जातो. रानडुकराच्या खुरामागे दोन उपखुरांच्या खुणा बाजूला फाकलेल्या दिसतात. चिंकाऱ्याचे खूर लहान, अणकुचीदार आणि जवळजवळ पडलेले असतात.

पायांबरोबर इतर खुणाही पाहाव्या लागतात. हिवाळ्यात बोरे पिकतात, तेव्हा अस्वलाच्या विष्ठेत बोरांच्या आठोळ्या खच्चून भरलेल्या असतात. तडस हाडे खाते, म्हणून त्याची विष्ठा वाळल्यावर चुन्यासारखी पांढरी होते. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा येऊन लेंड्या टाकतो, त्यामुळे तेथे मोठाले ढीग साचतात. वारूळ उकरलेले असेल तर अस्वल, काटे गळलेले असतील तर सायाळ, आणि झाडाच्या बुंध्यावर पुरुषभर उंचीला उभे ओरखडे असतील तर मोठे मांजर.

दुसरा प्रश्न, पाऊल केव्हाचे? येथे दहिवराचा उपयोग होतो. पहाटेच्या दहिवराने धुळीवर बारीक खवले पडून तिची एक नाजूक पापडी बनते. ही खवल्यांची नक्षी ठशाच्या आतही असेल तर जनावर दहिवरापूर्वी गेले, आणि पावलाने ती मोडली असेल तर नंतर गेले. रात्री फिरणाऱ्या किड्यांच्या दोऱ्यासारख्या रेघा ठशावरून गेलेल्या असतील तर ते पाऊल संध्याकाळचे, आणि ठशाने त्या रेघा तोडल्या असतील तर पहाटेचे. ओल्या गवतातून जनावर गेले असेल तर चमकणाऱ्या दवात एक काळसर पट्टा दिसतो. पाऊलवाटेवर कोळ्याचे जाळे अखंड असेल तर त्या उंचीचे कोणी त्या वाटेने अलीकडे गेलेले नाही. आटत जाणाऱ्या तळ्याच्या काठी तर साऱ्या महिन्याचे दप्तर पडलेले असते. पाणी जसजसे हटते तसतसा नवा चिखल उघडा पडतो. म्हणून पाण्यालगतचे ठसे कालचे, आणि वाळून भेगाळलेल्या वरच्या थरातले आठ-पंधरा दिवसांपूर्वीचे.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: जनावर काय करीत होते? स्वस्थ चालणाऱ्या मांजराचे मागचे पाऊल पुढच्या पावलावर किंवा त्याच्या जवळ पडते. चाल वाढली की ते पुढे जाते. धावताना ठशाच्या मागे माती उडालेली असते आणि दोन ठशांतील अंतर वाढते. उड्या मारणाऱ्या सशाचे मागचे पाय पुढच्यांच्याही पुढे पडतात, म्हणून अननुभवी माणूस त्याची दिशाच उलटी समजतो. येथे एकेक ठसा न पाहता संपूर्ण ओळ पाहावी लागते. हे पुष्कळसे मोडी वाचण्यासारखे आहे. मोडीत सुटे अक्षर लावीत बसणारा अडतो, पण लिहिणाऱ्याच्या हाताची धाव ज्याच्या लक्षात आली तो ओळच्या ओळ वाचून जातो.

ही तुलना केवळ अलंकारासाठी केलेली नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करावयास प्रारंभ केला, तेव्हा त्यांनी बखर आणि अस्सल कागद ह्यांतील भेद महाराष्ट्राच्या मनावर ठसविला. बखर मागाहून आणि कोणास काही सांगावे ह्या हेतूने लिहिली जाते. अस्सल पत्र त्या त्या क्षणाच्या गरजेपुरते लिहिले जाते, आणि म्हणूनच ते अधिक विश्वसनीय ठरते. ह्या कसोटीने पाहता पाऊलखूण हा सर्वांत अस्सल कागद होय. ती उमटविणाऱ्याच्या मनात वाचकाचा विचारही नसतो. मात्र अस्सल कागदाची जी मर्यादा, तीच हिचीही आहे. सरदाराच्या एका पत्रावरून त्या दिवशी तो कोठे होता व कशासाठी हे समजते. पण सापडलेली पत्रे मोजून राज्यात सरदार किती होते, हे सांगता येत नाही. हा साधा भेद विसरल्यामुळे पुढे काय अनर्थ झाला, ते पाहू.

त्याआधी जुन्या वाचकांची ओळख करून घेतली पाहिजे. माग ही आपल्याकडे एके काळी कायद्याची बाब होती. याज्ञवल्क्य स्मृतीत गावात चोरी झाल्यास तिची जोखीम ग्रामाधिपतीवर ठेविली आहे. मात्र चोर गावाबाहेर गेल्याचा माग दाखविता आला तर तो सुटतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने लिहिलेली ‘मिताक्षरा’ ही टीका ह्या स्मृतीवरीलच होय. पुढे देशावरील गावगाड्यात रामोशी आणि जागले ह्यांच्याकडे हेच काम होते. चोराचा माग शिवेपर्यंत न्यावा आणि पुढच्या गावच्या रखवालदाराच्या हवाली करावा. तो तेथे अडला तर जोखीम त्या गावाची. कै. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) ह्या ग्रंथात गावच्या ह्या चाकरांच्या व्यवस्थेचे विस्तृत वर्णन आहे. धुळीतल्या पावलावरून एका गावाची जोखीम दुसऱ्यावर जाते, तेथे पाऊल वाचणाऱ्याची साक्ष किती भारी असेल, हे सांगावयास नको.

रानातील माग वाचण्यात मात्र वऱ्हाडात फासेपारध्यांची ख्याती होती. रसेल आणि रायबहादुर हिरालाल ह्यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पारध्यांच्या रीती नोंदविल्या आहेत. काळविटाच्या नेहमीच्या वाटेवर फास लावणे, शिकविलेल्या बैलाच्या आडून कळपाजवळ सरकणे, ह्या सर्वांचा पाया एकच, तो म्हणजे जनावर उद्या कोठून जाईल हे आजच्या मातीवरून ओळखणे. फास लावावयाचा तर चार बोटांची चूक चालत नाही. चूक झाली तर घरी चूल पेटत नाही. विद्यापीठाच्या परीक्षेपेक्षा ही परीक्षा कडक म्हटली पाहिजे.

ह्या परीक्षेत उतरलेल्या माणसांस सरकारने कोणती पदवी दिली? इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जातींचा कायदा केला, आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांनी पारध्यांसारख्या अनेक फिरस्त्या जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असा शिक्का मारला. जो गावोगाव हिंडतो आणि ज्यास आडवाटा ठाऊक आहेत तो संशयास्पद, असा हा न्याय होता. म्हणजे माग काढण्याचे ज्ञान हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाला, आणि माग काढणाऱ्याचाच माग पोलिस काढू लागले. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या ऑगस्टअखेर हा कायदा रद्द झाला, पण लोकांच्या मनातील शिक्का रद्द झाला नाही. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांचा धंदाच कायद्याबाहेर गेला. वन्य प्राण्यांचा संहार पाहता हा कायदा आवश्यक होता, ह्यात शंका नाही. परंतु शिकार थांबविताना शिकाऱ्याचे ज्ञान निराळे काढून जपावे, हा विचार त्या वेळी फारसा कोणी केला नाही.

दैवयोग असा की, नेमक्या त्याच सुमारास सरकारला स्वतःलाच माग वाचावयाची गरज पडली. देशात वाघ किती उरले, हे ठरवावयाचे होते. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी ह्यांनी पंजाच्या ठशावरून वाघ मोजण्याची पद्धत सिद्ध केली होती. वाटेवर बारीक माती पसरावयाची, वाघाच्या मागील डाव्या पायाच्या ठशावर काच धरून त्याची बाह्यरेषा उतरून घ्यावयाची, प्लॅस्टरचा साचा काढावयाचा, आणि अशा आकृत्या ताडून निरनिराळे वाघ किती हे ठरवावयाचे, अशी ही पद्धत. १९७२ च्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ निघाले. दुसऱ्याच वर्षी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाटास स्थान मिळाले. वाघाच्या रक्षणाकडे देशाचे लक्ष ह्या आकड्याने वेधले, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही.

पण पुढे आकडा वाढविण्याचीच शर्यत लागली. २००१-०२ साली तो ३,६४२ वर गेला. आणि २००४-०५ च्या हिवाळ्यात राजस्थानातील सारिस्का येथे कागदावर वाघ असताना रानात एकही शिल्लक नसल्याचे उघडकीस आले. ह्या पद्धतीतील दोष डॉ. उल्हास कारंत कित्येक वर्षे सांगत होते. प्रत्येक वाघाचा ठसा सापडतोच, आणि प्रत्येकाचा ठसा निराळा ओळखता येतोच, ही दोन गृहीते तिच्या मुळाशी होती, आणि दोन्ही कच्ची होती. एकाच वाघाचा पंजा चिखलात पसरतो, कोरड्या मातीत आवळतो, उतारावर घसरतो आणि घाईत अर्धाच उमटतो. त्यातही ठसा उतरणारा हात, काच आणि साहेबाची अपेक्षा ह्या तिहींची भर पडे. २००६ च्या गणनेपासून ठशांऐवजी रानात लावलेल्या आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यांचा आणि संख्याशास्त्राचा आधार घेण्यात आला. वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या सहीप्रमाणे प्रत्येकाचे वेगळे असल्याने ही ओळख पक्की असते. ह्या गणनेचा आकडा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो १,४११ होता.

ह्यावरून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला की, पावलावरून ओळखण्याची विद्याच भोंगळ, आणि ती आता इतिहासजमा झाली. हा निष्कर्ष अन्यायाचा आहे. चूक पावलाची नव्हती, त्यास विचारलेल्या प्रश्नाची होती. कोण, केव्हा, कोठून, कशासाठी, ह्या प्रश्नांची उत्तरे पाऊल देते. त्यास ‘एकूण किती’ असे विचारणे म्हणजे अस्सल पत्रांच्या रुमालाकडून खानेसुमारीची अपेक्षा करणे होय. आजच्या शास्त्रीय गणनेतही पहिला टप्पा म्हणून वनरक्षक आपापल्या नियतक्षेत्रात पाच-पाच किलोमीटरांच्या वाटा पायी चालतात आणि हिंस्र प्राण्यांचे ठसे, विष्ठा, ओरखडे नोंदवितात. विष्ठेवरून तर प्रयोगशाळेत प्राण्याची वैयक्तिक ओळखही पटविता येते. पण ती गोळा करणाऱ्यास प्रथम ती ओळखता आली पाहिजे. कॅमेरा कोणत्या झाडास बांधावा हेही शेवटी जमिनीवरचे पाऊलच सांगते.

बुलढाणा जिल्ह्याने ह्याचा अनुभव २०१९ च्या हिवाळ्यात घेतला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात त्या वर्षी एका तरुण वाघाच्या गळ्यात संदेशवाहक पट्टा बांधण्यात आला होता. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याने घर सोडले. मराठवाड्याच्या व तेलंगणाच्या हद्दीतून, शेते, रस्ते, नाले ओलांडीत, सुमारे १,३०० किलोमीटर चालून तो डिसेंबरच्या आरंभी ज्ञानगंगेत येऊन पोहोचला. तेथे तेव्हा वसतीचा दुसरा वाघ नव्हता. पुढील वसंतापर्यंत त्याची एकंदर वाटचाल ३,००० किलोमीटरांवर गेली. भारतात अशी नोंद झालेली ही सर्वांत मोठी वाटचाल म्हणून ती गाजली. ही सर्व हकीकत आकाशातील उपग्रहामुळे समजली, हे खरे. परंतु उपग्रह देतो ते काही तासांच्या अंतराने पडलेले बिंदू. दोन बिंदूंमध्ये वाघ कोणत्या नाल्याने उतरला, तुरीच्या शेतात किती वेळ दबून राहिला, माणसाची चाहूल लागताच कोठे वळला, हे आकाशातून दिसत नाही. ते सांगणारे कागद जमिनीवर पडलेले असतात, आणि ते दुपारपर्यंत गुरांच्या खुरांखाली नाहीसे होतात. शिवाय गळ्यात पट्टा असलेला वाघ हजारांत एक. बाकीचे तसेच येतात आणि जातात. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा ठाऊक झाल्या, तरच रस्ते, कालवे व कुंपणे कोठे करू नयेत हे ठरविता येईल.

येथेच इतिहासाचे काम आणि आपले कर्तव्य एकत्र येतात. कै. मारुती चितमपल्ली ह्यांनी विदर्भाच्या रानात नोकरी करीत असताना रानातल्या माणसांपासून शिकलेले शब्द, नावे व निरीक्षणे मराठीत आणून ठेविली. त्यांच्या लेखनामुळे आपल्या भाषेचे रान पुष्कळ मोठे झाले. पण एका लेखकाच्या हयातीत जे झाले ते संस्थांनी पुढे चालविले पाहिजे. मोडीचे वाचक विरळ होऊ लागले तेव्हा आपण मोडीचे वर्ग काढले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था तर १९१० पासून कागद जमवीत आल्या. पारधी आणि कोरकू घरांतील वृद्धांस गुरुस्थानी बसवून, वेतन देऊन, वनखात्यातील तरुणांस हिवाळ्याचे दोन महिने ही लिपी शिकविली, तर त्यात अशक्य ते काय आहे? मात्र तसे करताना नोंदवहीत शिकविणाऱ्याचे नाव लिहावयास विसरू नये. ज्यांची नावे आजवर पोलिसांच्याच वहीत लिहिली गेली, त्यांची नावे विद्येच्या वहीत येणे हे एका जुन्या अन्यायाचे थोडेसे परिमार्जन होईल.

रानातील हे कागद दर रात्री नव्याने लिहिले जातात, त्यामुळे त्यांचा तुटवडा पडण्याचे भय नाही. ते वाचणारा एक जुना माणूस गेला, तर त्याची जागा मात्र अशी रातोरात भरून निघत नाही.